मांजराचा मधुमेह आणि माणसांचे इन्सुलिन

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत जवळजवळ प्रत्येक मेडिकल दुकानाच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या असतात, आणि त्यात नवल नाही, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेही माणसांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. घरातल्या मांजराला मधुमेह झाला, तर त्याचे औषधही याच फ्रीजमधून येते. युरोप-अमेरिकेत प्राण्यांसाठी स्वतंत्र परवाना मिळालेली इन्सुलिने आहेत. आपल्याकडे मात्र औषध, सिरिंज, साखर मोजण्याचे यंत्र, त्वचेवर चिकटवायचा सेन्सर अशी उपचाराची बहुतेक सामग्री माणसांच्या वैद्यकातून उसनी घेतलेली असते. ही उसनवारी सोयीची आहे आणि तुलनेने स्वस्तही पडते, पण साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी बेतलेली वस्तू चार किलोच्या जनावराला वापरायची तर पायरीपायरीवर हिशेब नव्याने मांडावा लागतो. मांजराच्या मालकाला पहिली धास्ती असते ती सुई टोचण्याची, आणि खरा धोका असतो तो या हिशेबात.

रक्तातली साखर शरीरातल्या पेशींना उचलता यावी म्हणून स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक तयार करतात. कुत्र्यांना मधुमेह होतो तेव्हा बहुधा या बीटा पेशीच नष्ट झालेल्या असतात आणि त्यांना जन्मभर बाहेरून इन्सुलिन द्यावे लागते. मांजराचा आजार मात्र माणसांना प्रौढ वयात होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळताजुळता आहे. त्यात आधी शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, ज्याला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात, आणि ती तूट भरून काढता काढता बीटा पेशी थकत जातात. याच पेशींतून इन्सुलिनबरोबर स्रवणाऱ्या अमायलिन या पदार्थाचे थर माणसाप्रमाणे मांजराच्याही स्वादुपिंडात साचतात, आणि सतत चढी राहिलेली साखर उरल्यासुरल्या पेशींनाही दुबळे करते. मध्यम वय ओलांडलेले, नसबंदी झालेले, फ्लॅटमध्ये खाऊन-झोपून वाढलेले लठ्ठ बोके या आजाराला विशेष बळी पडतात. अंगाच्या खाजेवर वारंवार दिलेली, दीर्घकाळ परिणाम करणारी स्टेरॉइडची इंजेक्शने हेही एक ठळक कारण आहे.

लक्षणे नजरेस येतात ती बहुधा घरातल्या साध्यासुध्या फरकांवरून. पाण्याचे भांडे वारंवार रिकामे होऊ लागते, लिटरमधली ओली ढेकळे मोठी होतात, भूक वाढूनही पाठीचा कणा हाताला लागू लागतो. आजार जुना असेल तर मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात, आणि एरवी बोटांवर चालणारे मांजर टाचा जमिनीला टेकवून, बसकट चालीने चालू लागते. ही चाल एकदा पाहिलेला माणूस ती पुन्हा चटकन ओळखतो. निदान मात्र एका चाचणीवर होत नाही, याचे कारण मांजराच्या स्वभावातच आहे. निरोगी मांजराची साखर डेसिलिटरमागे साधारण ७० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, पण पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून आणून, शेजारी भुंकणारा कुत्रा असताना टेबलावर ठेवलेल्या मांजराची साखर नुसत्या भेदरण्याने ३०० च्याही वर जाऊ शकते. म्हणून लघवीतली साखर पाहिली जाते आणि फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी केली जाते. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी ही चाचणी माणसांच्या तीन महिन्यांच्या एचबीएवनसीची धाकटी बहीण म्हणता येईल, आणि तासाभराच्या भीतीने ती फसत नाही.

आहाराचा प्रश्न मराठी घरात जरा नाजूक आहे, कारण मांजर आणि दूधपोळी ही जोडी आपल्या मनात पक्की बसलेली आहे. मांजर हे शरीरधर्माने निव्वळ मांसाहारी जनावर आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे विकर नसते आणि एकदम आलेली साखर हाताळण्याची यकृताची क्षमताही बेताचीच असते. दूधभात, दुधात कुस्करलेली पोळी, आणि आधुनिक घरांत दिवसभर वाडग्यात पडून राहणारे कोरडे दाणे, या तिन्हींत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. त्याऐवजी प्रथिने जास्त आणि पिष्ट अगदी कमी असलेला ओला आहार दिल्यास इन्सुलिनची गरज घटते. केवळ उकडलेली कोंबडी मात्र पुरेशी नाही, कारण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि शिजवताना पाण्यात उतरणाऱ्या टॉरिन या घटकाच्या अभावी मांजराची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडू शकतात. घरचा आहार द्यायचा असेल तर तो पशुवैद्याकडून आखून घ्यावा. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून बारीक करू पाहणेही घातक ठरते, कारण काही दिवसांच्या उपवासाने त्याच्या यकृतात चरबी साचून नवेच संकट उभे राहते. दुसरी खबरदारी अधिक तातडीची आहे: इन्सुलिन सुरू असताना डॉक्टरांना न सांगता आहारातले पिष्ट एकदम काढले, तर कालपर्यंत योग्य असलेला डोस आज जास्त ठरतो. आणि जे मांजर सोसायटीत चार घरी पंगतीला जाते, त्याच्या आहाराचे वेळापत्रक चारही घरांना समजावून सांगण्यावाचून गत्यंतर नसते.

१९२१ साली टोरोंटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले ते कुत्र्यांवर प्रयोग करून, आणि पुढची कित्येक दशके जगभरातली मधुमेही माणसे गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. आज माणसांचे औषध मांजराकडे जाते आहे, ती त्या जुन्या कर्जाची परतफेडच समजावी. मांजराला सध्या बहुधा ग्लार्जिन दिले जाते. लँटस, बायोकॉनचे बेसालॉग, वोखार्टचे ग्लारिटस ही त्याची भारतात ओळखीची नावे आहेत. ग्लार्जिनचे द्रावण आम्लधर्मी असते, आणि त्वचेखालच्या उदासीन वातावरणात ते शिरले की त्याचे सूक्ष्म कण होऊन तिथेच बसतात व हळूहळू विरघळत राहतात. त्याचा परिणाम संथ आणि लांब टिकणारा असतो तो यामुळेच. डोस लहान करता यावा म्हणून त्यात सलाइन किंवा पाणी मिसळले, तर ही आम्लता बिघडते आणि औषधाचा स्वभावच बदलतो. माणसाला दिवसातून एकदा पुरणारे हे इन्सुलिन मांजराच्या शरीरात तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून ते दर बारा तासांनी द्यावे लागते.

आता सिरिंजचा हिशेब. आपल्या देशात इन्सुलिन दोन तीव्रतांत विकले जाते. माणसांसाठीच्या साध्या आणि मिश्र इन्सुलिनच्या बाटल्यांमध्ये सर्रास दर मिलिलिटरला ४० युनिट औषध असते, तर ग्लार्जिनच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० युनिट असते. युनिट हे औषधाच्या ताकदीचे माप आहे, द्रवाच्या आकारमानाचे नव्हे, आणि म्हणून दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात: ४० च्या औषधाची लाल टोपीची, १०० च्या औषधाची नारिंगी टोपीची. काउंटरवर नुसते ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटले तर यांपैकी कोणतीही हातात पडू शकते, आणि टोपी काढून टाकल्यावर दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. लाल टोपीच्या सिरिंजवर १ युनिटची खूण म्हणजे ०.०२५ मिलिलिटर द्रव. त्याच खुणेपर्यंत ग्लार्जिन भरले, तर आत २.५ युनिट औषध जाते. उलट, ४० चे औषध नारिंगी टोपीच्या सिरिंजने १ च्या खुणेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात ०.४ युनिटच मिळते, आणि साखर का उतरत नाही याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

माणसाला सकाळी २० युनिट घ्यायचे असताना अर्धे युनिट इकडे-तिकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. चार किलोच्या मांजराचा सुरुवातीचा डोस बहुधा दर वेळी अवघा १ युनिट असतो, आणि तिथे अर्धे युनिट म्हणजे निम्मा डोस होय. त्यामुळे ०.३ मिलिलिटर क्षमतेची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज मिळवण्यासाठी दोन दुकाने जास्त हिंडावे लागले तरी हिंडावे. भरताना सिरिंज डोळ्यांच्या पातळीला, उजेडासमोर धरावी आणि दट्ट्याच्या काळ्या रबराची सुईकडची कड खुणेवर आणावी. मुगाच्या दाण्याएवढाही न दिसणारा हवेचा बुडबुडा इतक्या लहान डोसाचा मोठा वाटा गिळू शकतो, म्हणून तो टिचकी मारून वर आणून बाहेर घालवावा लागतो. पशुवैद्याने चिठ्ठीवर डोसाबरोबर औषधाची तीव्रता आणि टोपीचा रंगही लिहून द्यावा, आणि दिला नसेल तर मालकाने मागून घ्यावा.

टोचणे हे यापुढे बरेच सोपे वाटते. सुई केसाएवढी बारीक असते आणि वाडग्यात तोंड घातलेले मांजर बहुधा तिकडे लक्षही देत नाही. पूर्वी मानेमागची सैल कातडी ही ठरलेली जागा मानली जाई. आता छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत उचलून, रोज जागा थोडी बदलत टोचणे अधिक पसंत केले जाते, कारण तिथून औषध अधिक चांगले शोषले जाते. कातडीचा तंबू उचलून त्याच्या बुडाशी सुई सारायची असते, आणि ती पलीकडून बाहेर आली तर सगळा डोस केसांवर सांडतो. टोचल्यावर त्या जागेवरून बोट फिरवून वास घ्यावा: बोट ओले लागले आणि इन्सुलिनमधल्या जंतुरोधक द्रव्याचा उग्र, दवाखान्यासारखा वास आला, तर औषध बाहेर गेले असे समजावे. अशा वेळी पुन्हा टोचण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे, कारण किती औषध आत गेले हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळेचा डोस चुकल्याने मांजराची साखर काही तास चढी राहील, एवढेच. दुहेरी डोस मात्र त्याच्या जिवावर बेतू शकतो. सकाळी आईने आणि अर्ध्या तासाने मुलाने, असे दोघांनी दोनदा टोचण्याचा प्रकार एकत्र कुटुंबात अगदी शक्य आहे, आणि फ्रीजच्या दारावर लटकवलेली वही व टोचल्यावर लगेच केलेली खूण हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

इन्सुलिन उपचारातले खरे संकट म्हणजे साखर अति उतरणे. आकडा ६० च्या खाली गेला की मांजर झिंगल्यासारखे चालते, एकटक पाहत बसते, एकाएकी अधाशासारखे खाऊ लागते किंवा उलट कोपऱ्यात लपते. पुढे थरथर, झटके आणि बेशुद्धी येऊ शकते. शुद्धीवर असेल तर लगेच खायला घालावे, आणि खात नसेल तर मध, साखरेचा पाक किंवा ग्लुकोजची दाट पेस्ट बोटाने हिरड्यांवर चोळून त्याच पावली दवाखाना गाठावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पातळ पदार्थ ओतल्यास तो फुप्फुसात उतरतो. मांजराने सकाळी खाल्लेच नाही किंवा उलटी केली, तर ठरलेला डोस डोळे मिटून न देता डॉक्टरांना फोन करावा. अशा दिवशी डोस कमी करायचा की वगळायचा, याची सूचना आधीच लेखी घेऊन ठेवलेली बरी. उलट टोकाचे संकटही माहीत असावे. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात. मांजर मलूल होते, ओकते, खाणे सोडते, श्वासाला विचित्र गोडसर वास येतो. ही स्थिती घरी आवरण्यासारखी नसते, त्याच दिवशी सलाइनवर ठेवावे लागते.

साखर घरी मोजता आली, तर दवाखान्यातल्या भेदरलेल्या आकड्यांवर विसंबावे लागत नाही. कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेजवळ टोचून एक थेंब काढला जातो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत मांजराचे कान गार पडलेले असतात आणि थेंब येतच नाही, तेव्हा कोमट कपड्याने कान आधी शेकून घ्यावा, आणि त्यावर व्हॅसलिनचे पुसट बोट फिरवावे, म्हणजे रक्त केसांत न पसरता मण्यासारखे उभे राहते. माणसाचा ग्लुकोमीटर इथेही जसाच्या तसा चालत नाही. माणसाच्या रक्तातली साखर द्रवभाग आणि तांबड्या पेशी यांत वाटलेली असते, मांजराची मात्र जवळजवळ सगळी द्रवभागात असते, आणि यंत्राचे गणित माणसाच्या वाटणीवर बसवलेले असल्याने मांजराचा आकडा ते सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. ही चूक सावधपणाच्या बाजूची असल्यामुळे निभावून नेता येते, मात्र यंत्र आणि पट्ट्या मध्येच बदलू नयेत. पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर दर दोन तासांनी दिवसभर मोजलेल्या आकड्यांचा आलेख मागतात. साखर सर्वांत खाली कधी आणि किती जाते, हे त्यातून कळते. तो तळ साधारण ८० ते १५० च्या दरम्यान असावा अशी अपेक्षा असते. डोस बदलायचा तो एका दिवसाच्या आकड्यावर नव्हे, पाच-सात दिवस थांबून, आणि तोही अर्ध्या-अर्ध्या युनिटने. दंडावर चिकटवायचा माणसांचा चौदा दिवसांचा सेन्सर मांजराच्या पाठीवरचे किंवा कुशीवरचे केस काढून लावता येतो. तो रक्तातली नव्हे तर पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटे मागे असतो, आणि अनेकदा मुदतीआधीच निघून येतो. त्याने फार खालचा आकडा दाखवला तर कानाच्या थेंबाने खात्री करावी, पण मांजर लडखडत असेल तर आधी मध.

बारा तासांचे हे चक्र घराच्या दिनक्रमाला बांधून टाकते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या बदलणाऱ्या घरांत सकाळ-संध्याकाळी सातची वेळ कोण सांभाळणार हे आधी ठरवावे लागते, आणि दिवाळीत गावी जायचे तर मांजर बरोबर न्यावे लागते किंवा टोचायला शिकलेला शेजारी शोधावा लागतो. एखाद-दुसरा तास मागेपुढे झाल्याने अनर्थ होत नाही. औषध २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्याशेजारी गोठलेली बाटली वितळल्यावर स्वच्छ दिसली तरी निकामी झालेली असते. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद गाडीत ठेवलेल्या बाटलीचेही तेच होते. वीज काही तास गेली तर फ्रीज न उघडणे एवढेच करायचे असते, आणि फ्रीज नसलेल्या गावी ओल्या मातीच्या मडक्यात बाहेरच्यापेक्षा काही अंश गारवा टिकतो, माणसांचे इन्सुलिनही खेड्यापाड्यांत असे ठेवले जाते. वापरलेल्या सुया घंटागाडीत सुट्या टाकू नयेत: २०१६ च्या घनकचरा नियमांनी त्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती, आणि जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बाटलीत साठवून त्या वेगळ्या द्याव्यात, कारण कचरा वेचणाऱ्याच्या हाताला त्या लागतात.

नाशिक जिल्ह्यातली सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती गायी-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या यांच्यासाठी, आणि ते योग्यही होते; मांजराच्या संप्रेरकांचे विकार हे शहरातल्या खासगी दवाखान्यांच्या वाट्याला आले. गुंतागुंतीच्या केसेससाठी मुंबईचा रस्ता धरावा लागतो: परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. डोस वाढवत नेऊनही साखर हटत नसेल, तर आधी औषधाची बाटली, सिरिंज आणि टोचण्याची पद्धत तपासावी, मग दातांचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि त्यानंतर पियूषिका ग्रंथीतल्या गाठीमुळे वाढ-संप्रेरक जास्त स्रवणारा अॅक्रोमेगली हा विकार. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात याची चिन्हे आढळली होती, तेव्हा तो दुर्मीळ म्हणून सोडून देता येत नाही.

गोळीने भागत नाही का, हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. मूत्रपिंडावाटे साखर बाहेर टाकणारी बेक्साग्लिफ्लोझिन आणि वेलाग्लिफ्लोझिन ही दोन तोंडी औषधे अमेरिकेत अनुक्रमे डिसेंबर २०२२ आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मांजरांसाठी मंजूर झाली, परंतु ज्यांनी पूर्वी इन्सुलिन घेतले आहे अशा मांजरांना ती द्यायची नसतात, आणि साखरेचा आकडा चांगला दिसत असतानाच रक्तात कीटोन साचण्याचा धोका त्यांत असतो. याच कुळातली डापाग्लिफ्लोझिनची गोळी घरातल्या आजोबांच्या डब्यात असते म्हणून तिचा तुकडा मांजराला देणे, ही उसनवारीची हद्द ओलांडणे ठरेल.

इन्सुलिन मात्र मांजराला नेहमीच जन्मभर लागते असे नाही. कर्स्टिन रूम्प आणि जॅकी रँड यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ मांजरांना ग्लार्जिन, अगदी कमी पिष्टाचा आहार आणि घरच्या घरी काटेकोर मोजणी यांवर ठेवले होते; त्यांपैकी ६४ टक्क्यांचे इन्सुलिन सुटले, आणि निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा उपचार सुरू झालेल्या मांजरांत हे प्रमाण ८४ टक्के होते. ही मालकमंडळी दिवसातून अनेकदा साखर मोजणारी होती, त्यामुळे इतके यश सगळीकडे मिळत नाही, पण विश्रांती मिळालेल्या बीटा पेशी पुन्हा कामाला लागू शकतात हे त्यातून दिसले. असे होऊ लागले की कालचाच डोस जास्त पडू लागतो, तळाचे आकडे खाली सरकतात आणि डॉक्टर डोस अर्ध्या युनिटपर्यंत आणून मग थांबवतात. त्यानंतरही कमी पिष्टाचा आहार चालू ठेवावा लागतो, दर आठवड्याला एखादा थेंब तपासावा लागतो, आणि पुढे कधी खाजेसाठी किंवा हिरड्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर स्टेरॉइडचे इंजेक्शन भरले जाण्याआधी त्या मांजराचा जुना मधुमेह त्यांच्या कानावर घालावा लागतो.